मोटारीतील बालकांची सुरक्षितता : बालसुरक्षा आसनाची निवड आणि वापर

गोषवारा :
मोटार हे आता केवळ श्रीमंतांचे वाहन राहिलेले नाही. मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार आली, परंतु तिच्यातून बालकाला सुरक्षितपणे नेण्याची पद्धत मात्र तिच्याबरोबर आली नाही. बालसुरक्षा आसन म्हणजे काय, ते कोणत्या तत्त्वावर काम करते, बालकाच्या वयानुसार व शरीररचनेनुसार त्याची निवड कशी करावी आणि वापरात कोणत्या चुका होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भारतातील कायदेशीर तरतुदी व त्यांच्या मर्यादा यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : बालसुरक्षा आसन, सुरक्षा पट्टा, मागे तोंड करून बसणे, हार्नेस, बूस्टर, मोटार वाहन कायदा

१. प्रास्ताविक :

प्रसूतिगृहातून बाळ-बाळंतीण घरी निघतात तो प्रसंग प्रत्येक कुटुंबात आनंदाचा असतो. बाळाला दुपट्यात गुंडाळून आईच्या किंवा आजीच्या मांडीवर दिले जाते आणि मोटार घराकडे निघते. बाळाच्या आयुष्यातील हा पहिला वाहनप्रवास. पुढे बाळ बसू लागले की ते पुढच्या आसनावर वडिलांशेजारी आईच्या मांडीवर येते. आणखी मोठे झाले की दोन आसनांच्या मध्ये उभे राहून रस्ता पाहते. या सर्व प्रकारांत कोणाचाही निष्काळजीपणा नसतो. उलट, बाळ आपल्या हातात आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, ही पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा त्यामागे असते.

ही श्रद्धा घरात खरी आहे आणि बैलगाडीतही खरी होती. धावत्या मोटारीत मात्र ती खरी राहत नाही. याचे कारण मायेत नसून गतीच्या नियमांत आहे. बालसुरक्षा आसन, ज्याला बोलीत सर्रास 'कार सीट' म्हटले जाते, ते या नियमांना दिलेले उत्तर होय.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १६,७१५ व्यक्तींनी सुरक्षा पट्टा लावलेला नव्हता. या १६,७१५ पैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे ८,३३१, हे चालक नसून प्रवासी होते. मोटारीत केवळ बसलेल्या माणसालाही बंधनाची तेवढीच गरज आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

२. मांडीवरचे मूल आणि गतीचे गणित :

ताशी ५० कि.मी. हा वेग शहरातील रस्त्यावरही सहज गाठला जातो. हा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर एवढा होतो. या वेगाने जाणारी मोटार समोरच्या वाहनावर किंवा झाडावर आदळली, तर ती साधारणतः एक दशांश सेकंदात थांबते. मोटार थांबली तरी आतील माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. न्यूटनचा पहिला नियम आपण वर्गात शिकवतो. येथे तो प्रत्यक्ष आपल्या मुलांना लागू होतो.

समजा, मांडीवरील बालकाचे वजन १० किलो आहे. त्याला या एक दशांश सेकंदात थांबवायचे असेल, तर सरासरी सुमारे १,४०० न्यूटन इतके बल लागेल. म्हणजे आईच्या हातांना त्या क्षणी १४० किलोंचे ओझे पेलावे लागेल, तेही पूर्वसूचना नसताना. हे कोणत्याही मानवी हातांना शक्य नाही. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर परिस्थिती अधिक भीषण होते. तिचे शरीरही त्याच वेगाने पुढे फेकले जाते आणि बालक तिचे शरीर व समोरचा भाग यांच्यामध्ये चिरडले जाते. एकच पट्टा आई व मूल या दोघांभोवती लावणेही तितकेच घातक आहे, कारण आईचा भार पट्ट्यातून मुलावर येतो.

हेच गणित उंचीच्या भाषेत मांडले तर अधिक पटते. ताशी ५० कि.मी. वेगाने आदळणे हे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. गच्चीला कठडा नसेल तर आपण मुलाला तेथे क्षणभरही सोडत नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० कि.मी. वेगाने जाताना ही उंची दुप्पट होत नाही, तर चौपट होते.

३. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे :

मोटारीतील सुरक्षा पट्टा प्रौढ शरीर डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेला आहे. तो छातीचा पिंजरा व कमरेची हाडे या शरीरातील मजबूत भागांवर भार घेतो. बालकाच्या शरीराची रचना तीन बाबतींत निराळी असते.

अ) डोके व मान : नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढात हे प्रमाण साधारण एक अष्टमांश इतके कमी होते. हे जड डोके पेलणारी मान मात्र कोवळी असते. मानेच्या मणक्यांचे भाग पहिली काही वर्षे कूर्चेने जोडलेले असतात, त्यांचे पूर्ण अस्थीकरण झालेले नसते. डोके जोराने पुढे फेकले गेल्यास अस्थिबंध ताणले जातात आणि आतील मज्जारज्जूला इजा पोहोचते.

आ) कटिभाग : प्रौढाच्या कमरेची हाडे पट्ट्याला धरून ठेवतात. बालकात ती पुरेशी विकसित नसल्यामुळे पट्टा घसरून पोटावर येतो. पोटात यकृत, प्लीहा व आतडी असतात. त्यांना हाडांचे पुरेसे संरक्षण नसते. पट्टा लावलेला असूनही पोटातील अवयव व कण्याला होणाऱ्या अशा इजांचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९६२ पासून आढळते.

इ) उंची : प्रौढासाठीचा खांद्यावरील पट्टा बालकाच्या गळ्यावर येतो. तो टोचतो म्हणून मूल तो काखेखालून किंवा पाठीमागे घेते. त्यामुळे पट्ट्याचा अर्धा उपयोग नाहीसा होतो आणि अपाय मात्र वाढतो.

४. संकल्पनेचा विकास :

मुलांना मोटारीत बसविण्यासाठी खास आसने फार पूर्वीपासून होती, परंतु त्यांचा हेतू मुलाला बाहेरचे दिसावे किंवा त्याने चालकाला त्रास देऊ नये इतकाच होता. सुरक्षिततेचा विचार १९६० नंतर सुरू झाला. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास मागे तोंड असलेल्या बालआसनाचा नमुना तयार केला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन बसतात, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली. भार पाठीवर विभागला गेला की कोवळी मान वाचते, हे त्यामागील तत्त्व होय.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांच्या प्रयत्नांमुळे १९७७ मध्ये बालसुरक्षा आसनाचा तेथील पहिला राज्य कायदा संमत झाला व १ जानेवारी १९७८ पासून तो अमलात आला. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. आज तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना नवजात बाळ घरी नेण्यापूर्वीच आसनाची तजवीज करावी लागते. नातवंडासाठी येथून गेलेल्या आजी-आजोबांना प्रथम ते क्रूर वाटते. रडणाऱ्या बाळाला उचलून का घेत नाहीत, असा प्रश्न त्यांना पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर वरील गणितात आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार योग्य आसनामुळे प्रवासी मोटारींमध्ये एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी व एक ते चार वर्षांच्या बालकांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

५. आसनाचे प्रकार व निवड :

आसन निवडताना वय हा स्थूल निकष आहे. बालकाचे वजन व उंची हे खरे निकष होत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४४ मध्ये आसनांचे वर्गीकरण वजनानुसार केले होते. भारतातील एआयएस-०७२ हे मानकही त्याच धर्तीवर आहे. त्यानंतर २०१३ मध्ये आलेल्या नियम १२९ मध्ये उंचीला प्राधान्य देण्यात आले, बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी समाविष्ट झाली आणि १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड करून बसविणे अनिवार्य ठरले. बालकाच्या वाढीबरोबर आसनाचे चार टप्पे येतात.

पहिला टप्पा : मागे तोंड असलेले आसन. जन्मापासून १३ किलोंपर्यंतच्या बालकांसाठी असलेली आसने या गटात मोडतात. याहून अधिक वजनापर्यंत मागे तोंड ठेवता येईल अशी आसनेही मिळतात. समोरासमोरच्या धडकेत बालकाचे डोके, मान व पाठ एकत्रितपणे आसनाच्या पाठीत दाबली जातात आणि भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये आपल्या शिफारशीत दोन वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, म्हणजे शक्य तितका काळ, मूल मागे तोंड करून बसवावे असे सुचविले. मुलाचे पाय दुमडतात, म्हणून पालक आसन लवकर फिरवतात. पाय दुमडणे ही अडचण नव्हे. मुले सहज मांडी घालून बसतात. आपल्या घरात हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा टप्पा : पुढे तोंड असलेले, पाच बिंदूंच्या हार्नेसचे आसन. दोन खांदे, दोन कमरेच्या बाजू व पायांमधील एक अशा पाच ठिकाणी हे पट्टे बालकाला धरतात. नियम ४४ प्रमाणे ९ ते १८ किलो असा हा गट आहे. येथेही, खालची वजनमर्यादा गाठली म्हणजे लगेच पुढच्या टप्प्यावर जावे असा अर्थ घेऊ नये.

तिसरा टप्पा : बूस्टर. साधारणतः १५ ते ३६ किलो वजनाच्या मुलांसाठी हे आसन असते. ते मुलाला उंच करते, जेणेकरून मोटारीचा मूळ पट्टा खांद्याच्या मध्यावर व मांड्यांच्या वरच्या भागावर योग्य प्रकारे यावा. पाठ असलेला बूस्टर डोक्याला बाजूने आधार देतो, म्हणून तो श्रेयस्कर.

चौथा टप्पा : केवळ मोटारीचा पट्टा. मुलाची उंची सुमारे १४५ सें.मी. झाली म्हणजे याचा विचार करावा. पाठ आसनाला टेकते का, गुडघे आसनाच्या कडेवर वाकतात का, खांद्याचा पट्टा गळ्यापासून दूर आहे का, कमरेचा पट्टा मांड्यांवर आहे का आणि संपूर्ण प्रवासभर मूल तसे बसू शकते का, या पाचही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी हवीत. अनेक मुलांच्या बाबतीत ही वेळ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान येते.

खरेदी करताना किमतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. एक, आसनावर मानकाची खूण आहे का. युरोपीय मान्यता असलेल्या आसनावर गोलात 'ई' हे अक्षर व देशाचा क्रमांक असतो. दोन, ते आपल्या मोटारीत घट्ट बसते का. लहान मोटारीत मागे तोंड असलेले आसन पुढच्या आसनाला अडते, म्हणून प्रत्यक्ष बसवून पाहणे इष्ट. तीन, त्याची मुदत. प्लॅस्टिक उन्हाने व कालाने ठिसूळ होते, म्हणून उत्पादक आसनावर वापराची मर्यादा देतात. नात्यात वस्तू पुढे देण्याची आपली प्रथा चांगली आहे. परंतु ज्या आसनाचा इतिहास माहीत नाही किंवा जे मोठ्या अपघातातून गेले आहे, ते कितीही चांगले दिसले तरी घेऊ नये.

६. वापरातील दोष व दक्षता :

आसन असणे आणि ते योग्य रीतीने वापरणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेत २०११ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ४६ टक्के आसनांच्या वापरात दोष आढळला. जेथे कायदा जुना आहे आणि आसन सार्वत्रिक आहे तेथील ही स्थिती आहे. म्हणून पुढील बाबी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात.

१) स्थान : आसन मागील बाजूसच बसवावे. पुढील प्रवाशासमोर एअरबॅग कार्यरत असेल तर मागे तोंड असलेले आसन तेथे कदापि ठेवू नये. एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात उघडते व तिचा सारा आघात आसनाच्या पाठीवर, म्हणजेच बालकाच्या डोक्यामागे बसतो.

२) घट्टपणा : आसन मोटारीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्स या कड्यांच्या साहाय्याने बसवता येते. पट्टा ज्या ठिकाणातून जातो तेथे धरून हलविल्यास आसन कोणत्याही दिशेस अडीच सें.मी.पेक्षा अधिक सरकू नये. पुढे तोंड असलेल्या आसनाला वरचा बंध दिलेला असल्यास तो अवश्य अडकवावा. त्यामुळे डोके पुढे जाण्याचे अंतर कमी होते.

३) हार्नेस : मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बालकाच्या खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावेत, पुढे तोंड असताना पातळीत किंवा किंचित वर. पट्टा ओढल्यावर खांद्याजवळ तो चिमटीत धरता येऊ नये.

४) दुपटे व कपडे : आपल्याकडील हा दोष वेगळा आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून आसनात ठेवले तर पायांमधील पट्टा लागतच नाही. म्हणून आधी पट्टे लावावेत व नंतर वरून दुपटे पांघरावे. जाड स्वेटर किंवा रजईवरून लावलेला हार्नेस घट्ट वाटतो, पण धडकेच्या वेळी कापड दबते व पट्टा सैल पडतो. पायजम्याचे कपडे झबल्यापेक्षा अधिक सोयीचे.

५) ऊन : उन्हात उभ्या मोटारीत हार्नेसचे धातूचे भाग तापतात. ते हाताने तपासून मगच मुलाला बसवावे. मोटार उभी असताना आसनावर फिकट कापड टाकून ठेवावे. काचा किंचित उघड्या ठेवूनही मुलाला बंद मोटारीत एकटे सोडू नये. अवघ्या दहा मिनिटांत आतील तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढू शकते.

६) निद्रा : आसन हा पाळणा नव्हे. प्रवासात मूल झोपले तर हरकत नाही, परंतु मुक्कामी पोहोचल्यावर त्याला सपाट अंथरुणावर ठेवावे. तान्ह्या बाळाची मान पुढे झुकून श्वासमार्ग दबण्याचा संभव असतो. लांबच्या प्रवासात ठरावीक अंतराने थांबून बाळाला आसनाबाहेर घ्यावे, दूध मोटार थांबवूनच पाजावे.

मूल रडते ही सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण आहे. ज्या मुलाला पहिल्या दिवसापासून आसनाची सवय असते त्याला प्रवास म्हणजे आसन हेच समीकरण माहीत असते. एकदा रडण्याला बळी पडून मांडीवर घेतले की नियम मोडता येतो हे मूल शिकते. घरातील वडील मंडळींनीही याबाबतीत एकच भूमिका घेणे आवश्यक आहे.

७. भारतीय कायदा व त्याच्या मर्यादा :

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १९४ ब समाविष्ट झाले. त्यानुसार चौदा वर्षांखालील बालक सुरक्षा पट्ट्याने किंवा बालसुरक्षा साधनाने बांधलेले नसल्यास वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ही तरतूद स्वागतार्ह होय. तथापि तिच्या शब्दरचनेतील 'किंवा' हा शब्द विचारात घेण्यासारखा आहे. दोन वर्षांच्या मुलाला प्रौढाच्या पट्ट्याने बांधले तरी या शब्दांची पूर्तता झाली असे म्हणता येते. शरीरशास्त्र मात्र हे दोन पर्याय समान मानत नाही. कोणत्या वजनाला वा उंचीला कोणते साधन, याचा उल्लेख या कलमात नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. त्यानंतर मागील आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे वाहतूक पोलिसांनी जाहीर केले. या चर्चेत मागे बसणाऱ्या प्रौढांचा विचार झाला. मागे बसणाऱ्या बालकाचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' या मूल्यमापन योजनेत बालप्रवाशांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र ४९ गुण ठेवले आहेत. त्यांपैकी १२ गुण केवळ आसन नीट बसविता येते की नाही यासाठी आहेत. मोटार घेताना आपण इंधनाच्या खर्चाची चौकशी करतो; त्याबरोबर या गुणांचीही चौकशी करावी.

येथे एक मर्यादा नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०२२ मधील अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ४४ टक्के मृत्यू दुचाकीवरील व्यक्तींचे होते. आपल्याकडील असंख्य मुले दुचाकीवर, रिक्षात किंवा दाटीवाटीने भरलेल्या शालेय वाहनात प्रवास करतात. त्यांच्यापर्यंत बालसुरक्षा आसन पोहोचत नाही. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकांसाठी हेल्मेट, सुरक्षा हार्नेस व ताशी ४० कि.मी.ची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन एक वर्षाने अमलात आला. परंतु सर्व मुलांना संरक्षण मिळत नाही, म्हणून ज्यांना ते देता येते त्यांनाही देऊ नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

८. समारोप व सूचना :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, धावत्या मोटारीत मांडी हे बालकाचे सुरक्षित स्थान नाही. दोन, मागील आसन पुढील आसनापेक्षा सुरक्षित असले तरी बंधनाशिवाय ते पुरेसे नाही. तीन, आसनाची निवड वजन व उंची पाहून करावी आणि प्रत्येक टप्प्यावर शक्य तितका काळ थांबावे. चार, चुकीच्या पद्धतीने बसविलेले आसन खोटा विश्वास निर्माण करते.

महाविद्यालयीन अध्यापकांना या कार्यात विशेष स्थान आहे. भौतिकशास्त्राच्या वर्गात संवेग व आवेग शिकविताना मांडीवरच्या मुलाचे उदाहरण घेता येईल. गृहविज्ञानाच्या अभ्यासात बालसंगोपनाबरोबर प्रवासाचाही विचार करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना महाविद्यालयाच्या वाहनतळावर आसन बसविण्याचे प्रात्यक्षिक दाखविता येईल. परंतु या सर्वांआधी आपल्या स्वतःच्या मोटारीतील मागील आसनाकडे एकदा पाहणे आवश्यक आहे. विद्यार्थी आपण काय सांगतो ते ऐकतात. सायंकाळी महाविद्यालयाच्या दारातून आपण आपल्या मुलांना कसे घेऊन जातो, तेही ते पाहत असतात.